रक्कम कापली जाता कामा नये

शिरोळ तालुक्यातल्या एका गावात, दूध संकलन केंद्राच्या कट्ट्यावर एका मावशींनी माझ्यासमोर त्यांचा फोन धरला. "बाळा, पैसं किती झालं त्येच दिसंना की." साडेसात लिटर म्हशीचं दूध, दर ५१.३०, म्हणजे ३८४.७५ रुपये. पडद्यावर दिसत होतं ३८ आणि पुढं तीन टिंबं. दिवसाचं दूध अडतीस रुपयांना गेलं असं वाटावं, इतकं ते स्पष्ट दिसत होतं.

सभासदांना रोजचं दूध आणि दहा दिवसांचं बिल दाखवणारं हे अ‍ॅप मी बनवलं होतं. तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम असा सहा रकान्यांचा तक्ता, अगदी केंद्रातल्या वहीसारखा. मी तो ७२० आणि १०८० पिक्सेल रुंदीच्या दोन फोनांवर तपासला होता आणि दोन्हीकडे तो नीट बसला होता.

चूक तिथंच होती. अँड्रॉइड पिक्सेलनं नाही, डीपीनं मोजतं: पिक्सेल भागिले डेन्सिटी (एका इंचामागे धरलेले पिक्सेल), गुणिले १६०. ७२० पिक्सेलचा माझा फोन ३२० डेन्सिटीचा, १०८०चा ४८०चा. दोन्हींची रुंदी भरते ३६० डीपी. म्हणजे मी एकच पडदा दोनदा तपासला होता.

मावशींच्या फोनचे पिक्सेलही ७२०च. पण त्यांच्या नातवानं आजीला दिसावं म्हणून सेटिंगमध्ये डिस्प्लेचा आकार वाढवून दिला होता. डेन्सिटी ३६० झाली आणि रुंदी ३२० डीपीवर आली. कडेची जागा सोडली तर एका रकान्याला ४८ डीपी मिळतात. त्यावर अक्षरांचा आकारही १.३ पट. नातवानं आजीसाठी जे केलं ते योग्यच होतं, आणि माझ्या मांडणीत त्याला जागा नव्हती.

पहिला मोह झाला तो अक्षरं एसपीऐवजी (फोनच्या अक्षर-सेटिंगप्रमाणं वाढणाऱ्या मापाऐवजी) डीपीत देण्याचा, म्हणजे सेटिंग काहीही असो, ती वाढणारच नाहीत. तक्ता लगेच बसला असता. पण ज्यांना बारीक दिसत नाही त्यांच्याच डोळ्यांवर ती सक्ती झाली असती, म्हणून तो मार्ग सोडला.

अरुंद पडद्यावरून तक्ताच काढला. प्रत्येक दिवसाचं एक कार्ड केलं: वर डावीकडं तारीख, उजवीकडं ठळक रक्कम. खाली लिटर, फॅट, एसएनएफ, दर. जागा पुरली तर एका ओळीत, नाही तर दुसऱ्या ओळीत उतरणारे. रकमेची मांडणी सर्वांत आधी, उरलेल्या जागेत बाकीचं. तारखेशेजारी ती मावली नाही तर स्वतःची ओळ घेते, पण टिंबं कधीच नाहीत.

मग मराठीचा प्रश्न पुढं आला. ओळींची उंची मी ठरावीक ठेवली होती आणि फाँटभोवतीची जादा जागा बंद केली होती, कारण इंग्रजी नमुन्यात ते सुबक दिसत होतं. अक्षर मोठं केल्यावर कपातीच्या यादीतल्या 'पशुखाद्य'चा उकार खालून छाटला गेला, 'वैरण'च्या मात्रा वरून. देवनागरीला शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली दोन्हीकडं मोकळीक लागते. सगळ्या ठरावीक उंची काढल्या. बटणांना फक्त किमान ४८ डीपी ठेवले, त्यापुढं मजकुराला लागेल तेवढं वाढू दिलं.

केंद्रातल्या सचिवांच्या टॅबलेटवर उलटंच झालं. कार्ड पडदाभर ताणलं गेलं, तारीख या टोकाला आणि रक्कम त्या टोकाला; मधे नजर ओळ चुकते. पैशाच्या कामात ते चालत नाही. म्हणून ६०० डीपीच्या पुढं तक्ता परत आणला आणि ८४० पासून दोन भाग केले: डावीकडं सभासदांची यादी, उजवीकडं निवडलेल्याचा हिशेब. हा निर्णय उपकरण पाहून नाही, अ‍ॅपला मिळालेल्या खिडकीची रुंदी पाहून होतो. सचिव निम्म्या पडद्यावर कॅल्क्युलेटर उघडून बसतात, तेव्हा टॅबलेटवरही कार्डच हवीत.

टॅबलेट आडवा केला की अर्धवट भरलेले लिटर पुसले जात होते, तेही याच फेरीत सापडलं. स्क्रीन फिरताना ती माहिती जपून ठेवणं दोन ओळींचं काम होतं. पहाटे रांग लागलेली असताना तोच आकडा पुन्हा विचारायला लागणं मात्र सचिवांना फार जड जात होतं.

आता कुठलाही बदल केला की आधी केबल लावून तपासणीच्या त्या ७२० पिक्सेलच्या फोनची डेन्सिटी ३६० करतो, अक्षरं सर्वांत मोठी ठेवतो आणि रक्कम पाहतो. माझा स्वतःचा फोन त्यानंतर.

दोन आठवड्यांनी पुन्हा त्या कट्ट्यावर गेलो. मावशींनी फोन हातभर लांब धरला, बिलावरून बोट फिरवत एकेक दिवसाची रक्कम मोठ्यानं वाचली, आणि तिसऱ्या तारखेपाशी थांबून सचिवांना विचारलं, "ह्या दिवशी फॅट एवढं कमी कसं लागलं?"