वहीच्या समासातली मोडी

निजामी राजवटीत मराठवाड्यातल्या मुलांची घरची भाषा मराठी असली तरी वरच्या वर्गांत शिक्षण उर्दूतून होते, आणि १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. आमच्या आजोबांच्या गणिताच्या वहीत उदाहरणे उर्दूत असून समासात त्यांचे अर्थ मोडीत लिहिलेले आहेत. मराठीतून शिकवणाऱ्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा (स्वामी रामानंद तीर्थांनी दोन्हीकडे शिकवले) यांचे मोल म्हणूनच मला सरकारी शाळांहून अधिक वाटते. पुढे १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद. मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ मात्र १९५८ साली आले. तोवर इथल्या पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर शिक्का उस्मानियाचाच असे.