मिशिगनचं मीठ आणि चोपड्याचे नाना

वळताना डाव्या चाकातून कट-कट आवाज यायला लागला तेव्हाच कळलं, एक्सलचा, म्हणजे गिअरबॉक्समधून चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा जॉइंट गेला. गाडी 2004 ची कोरोला. इथे अमेरिकेत, मिशिगनमध्ये, गॅरेजमध्ये मजुरीचा आकडा ऐकला आणि नुसता नवीन एक्सल विकत घेऊन घरी आलो. पैसे वाचवायचे होतेच, पण तेवढंच कारण नव्हतं. माझं लहानपण चोपड्याला नानाकाकांच्या गॅरेजमध्ये पाने पुसण्यात गेलंय. साध्या एक्सलसाठी गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची, हे मनाला पटेना.

चाक जमिनीवर असतानाच बायकोला ब्रेक दाबून बसवलं. एक्सलच्या टोकावरच्या 30 नंबरच्या नटाची दाबलेली कड छिन्नीने उचलली, पान्याला लांब पाइप लावला, नट सुटला. मग गाडी उचलून चाक काढलं, खालचा बॉल जॉइंट मोकळा केला. इथवर सगळं नानांच्या पद्धतीने. पुढे एक्सल हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागातून, तसूभर हलेना. मारुती 800 चा एक्सल नाना दोन ठोक्यांत मागे सारतात. माझा हात दुखायला लागला.

फोन लावला. इकडे शनिवारची सकाळ, तिकडे रात्र होत आलेली. कॅमेरा हबजवळ नेला तर नाना बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "अरे भो, हे लोखंड कशाने खाल्लं?"

मिठाने. इथे हिवाळाभर बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची मोठी खाण आहे. मोटारींमुळे नाव झालेलं शहर, आणि मोटारींना खाणारं मीठ त्याच्याच खाली! ते खारं पाणी एक्सलच्या दात्यांत शिरतं, गंज फुगतो आणि एक्सल आणि हब एकजीव होऊन जातात. आपल्याकडे मे महिन्यात 45 अंशांत पाना हातात धरवत नाही, पण असा गंज नानांनी आयुष्यात पाहिला नव्हता. ऑफिसात एकाने मला विचारलं होतं, तुमच्याकडे गाडी उचलायची लिफ्ट नसताना ही कामं कशी होतात? राग आला होता. होतात, आणि चांगली होतात. इथे अडलं ते मिठामुळे, आमच्या शिकण्यात कमी होती म्हणून नाही.

नाना म्हणाले, "ठोकू नको आता. आटे जातील, बेअरिंग जाईल. पुलर लाव."

पुलर, म्हणजे स्क्रू कसत एक्सल हबमधून मागे ढकलणारं हत्यार, कुठून आणू? शेजाऱ्याने सांगितलं, पार्ट्सच्या दुकानात मागा. गेलो. काउंटरवरच्या पोराने पुलरची पेटी पुढे केली, किमतीएवढी रक्कम कार्डावर ठेवून घेतली आणि म्हणाला, परत आणलात की सगळे पैसे परत. भाडं शून्य. मी दोनदा विचारलं. ना ओळख, ना कोणाची चिठ्ठी. चोपड्यातही पुलर या गॅरेजमधून त्या गॅरेजमध्ये फिरतो, पण तो ओळखीवर, आणि नानांचा स्लाइड हॅमर असाच कुठेतरी कायमचा राहिलाय. अनोळखी माणसाच्या हातात चांगलं हत्यार विश्वासाने ठेवायची ही रीत मला या देशातली सर्वात आवडलेली गोष्ट आहे. मोठे रस्ते, मॉल नंतर. हे नानांना सांगितलं तर म्हणाले, "पुसून दे परत. ग्रीस लावून."

दात्यांवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं. रविवारी पुलर कसला, ताण तसाच ठेवून हबच्या बाजूला हलके ठोके दिले. टक्क! लाल भुकटी सांडली आणि एक्सल बोटभर मागे गेला.

आतलं टोक गिअरबॉक्समध्ये सर्क्लिपने, म्हणजे उघड्या तोंडाच्या छोट्या कडीने, धरलेलं. खाली परात ठेवली, कारण टोक निघालं की तेल येतंच. नाना सारखे बजावत होते, "शाफ्ट धरून ओढू नको, आतला जॉइंट सुटून हातात येईल. पहारीसारखी टॉमी जॉइंटच्या मागे घाल. सीलला लागू देऊ नको." एका जागी निघेना तेव्हा म्हणाले, "अर्धा फेरा फिरव, क्लिप बसली असेल तिरपी." फिरवलं, झटका दिला, निघाला.

चोपड्यात असतो तर एक्सल धरायला तीन जण धावले असते. इथे मी एकटा, गवतावर पाठ टेकून. पण नाना फोनवर होते. त्यांच्या मागे गॅरेजचं शटर अर्धं खाली आलेलं दिसत होतं, जेवायला बोलावणारा काकूंचा आवाज दोनदा येऊन गेला, आणि ते तिथूनच म्हणत होते, "नवीन क्लिपचं तोंड खाली ठेव. दाखव मला, बसली का ते."