न विसरलेला हुक

बॉक्सिंग सोडून वर्षं लोटलेला माणूस पुन्हा ग्लोव्हज घालायचं म्हणतो, तेव्हा सगळे त्याला एकच धीर देतात. "तुम्हाला काय, येतंच की! शरीर विसरत नाही." मलाही हेच ऐकवलं गेलं, आणि ते खोटं नाही. पण खरी अडचण तीच आहे, हे कुणी सांगत नाही. शरीर सगळंच्या सगळं विसरलं असतं तर किती बरं झालं असतं! कोऱ्या पाटीनं उभी राहिले असते, सर सांगतील तेवढं केलं असतं. पण ते अर्धवट विसरतं, आणि काय विसरायचं हे आपल्याला विचारून ठरवत नाही.

सगळ्यात आधी जातो तो दम. सराव थांबला की काही आठवड्यांतच रक्तातला पाण्याचा भाग घटतो, हृदय एका ठोक्यात पूर्वीइतकं रक्त ढकलू शकत नाही आणि तेवढ्याच कामासाठी त्याला जास्त वेळा धडधडावं लागतं. ताकद त्या मानानं सावकाश ओसरते. आणि ठोसा मारण्याची रीत? ती जवळजवळ जातच नाही. टाच उचलली जाणं, कंबर वळणं, खांदा पुढे येणं, मूठ अगदी शेवटच्या क्षणी आवळली जाणं, हे सगळं मेंदूत जसंच्या तसं बसून असतं. म्हणजे हुकूम सोडणारा जुना, मुरलेला. आणि हुकूम पाळणारे सगळे सुस्तावलेले.

याचा प्रत्यय ग्लोव्हजच्या आत हाताला बँडेज बांधताना येतो. साडेचार मीटर लांबीची ती पट्टी. अंगठ्यात फास अडकवायचा, मनगटाला वेढे द्यायचे, मुठीच्या हाडांवरून न्यायची, बोटांच्या बेचक्यांतून काढायची, परत मनगटावर. माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं आणि हात आपले आपण गुंडाळून मोकळे झाले. त्या क्षणी फार भारी वाटतं. ठोसे मारायच्या बॅगेसमोर उभं राहून पहिला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टाकला, मागोमाग उजवा, मग डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूनं फिरवलेला ठोसा. हुकचा आवाज अगदी पूर्वीसारखा आला. कोपऱ्यात दोरीवर उड्या मारणाऱ्या पोरींनी वळून पाहिलं. (त्यांनी पाहावं म्हणून मी तो मारला नव्हता, असं मी म्हणणार नाही.)

राउंड मात्र ३ मिनिटांचा असतो. तीन मिनिटं लढत आणि एक मिनिट विश्रांती हा हिशेब १८६७ च्या क्वीन्सबरी नियमांतला. नियम लिहिले जॉन ग्रॅहम चेंबर्स यांनी, नाव लागलं मार्क्विस ऑफ क्वीन्सबरींचं. असं सगळीकडेच होतं. त्याआधीच्या उघड्या मुठींच्या लढतींत राउंडला वेळेचं बंधन नव्हतं, कुणीतरी खाली पडलं की तो संपायचा. दुसऱ्या मिनिटाच्या मध्यावर मला ती जुनी पद्धत जास्त माणुसकीची वाटू लागली. ठोसे अजून बरे पडत होते, पण खांद्यांनी मूठ हनुवटीपर्यंत धरून ठेवायला साफ नकार दिला होता. गार्ड उतरत उतरत छातीपर्यंत आला. "हात वर!" सर ओरडले. हात वर गेले, आणि सरांची पाठ वळताच परत खाली आले.

नवशिक्याचं एक बरं असतं. त्याला त्याचा अडाणीपणा सांभाळतो. त्याच्या ठोशात कंबर नसते, पाय नसतात, त्यामुळे बॅगेवर आदळून परत मनगटावर येणारा धक्काही बेताचा असतो. जोर वाढत जातो तसतशी हाडं, कंडरा (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्या), सांधे सगळे बरोबरीनं तयार होत जातात. परतलेल्याचं तसं नाही. त्याला पहिल्याच दिवशी पुऱ्या जोराचा हुक मारता येतो आणि तो झेलायला मनगट मात्र बिनसरावाचं असतं. त्यात आणखी एक मेख आहे. एकदा कमावलेले स्नायू पुन्हा कमवायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. कंडरांना रक्ताचा पुरवठा मुळातच तुटपुंजा, त्या आपल्या गतीनं चालतात. म्हणून मला पहिला आठवडा धोक्याचा वाटत नाही. तेव्हा अंग इतकं दुखत असतं की जिना उतरतानाही कठड्याला धरावं लागतं, आगाऊपणा करणार कोण? धोका त्यानंतरचा. अंग दुखायचं थांबलेलं असतं, दंड भरल्यासारखे वाटतात, आणि मनात येतं, आलं की सगळं परत.

अशाच वेळी दमलेला हुक करंगळीच्या बाजूनं लागतो. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या हाडांवर बसायला हवा, कारण ती मनगटाशी पक्की जोडलेली असतात. करंगळीमागचं हाड बारीक, आणि ते मोडलं की त्याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात. नाव बॉक्सरचं, पण ते जास्त करून मोडतं भिंतीवर किंवा दारावर राग काढणाऱ्यांचं. बॉक्सिंगला उगीच बदनाम करणारी आणखी एक गोष्ट.

परत येणाऱ्यांना थोरांचे दाखले देण्याचीही पद्धत आहे. मला स्वाभाविकपणे मेरी कोमचा दिला गेला. २००७ मध्ये जुळी मुलं झाली आणि २००८ मध्ये तिनं जागतिक स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं. २०१३ मध्ये तिसरा मुलगा आणि २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत पुन्हा सुवर्ण. ऐकायला ही वर्षं शेजारी शेजारी असतात. त्यांच्या मधल्या पहाटा दाखला देणाऱ्याला मोजाव्या लागत नाहीत.

मला त्यापेक्षा मोहम्मद अलीचं परतणं जवळचं वाटतं. सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये त्याचं विजेतेपद आणि परवाना दोन्ही गेलं. साडेतीन वर्षांनी, २६ ऑक्टोबर १९७० ला, अटलांटात त्यानं जेरी क्वारीला तीन राउंडमध्ये संपवलं. सगळं जागच्या जागी आहे असं वाटावं अशी लढत. पण मार्च १९७१ मध्ये तेव्हाचा जगज्जेता जो फ्रेझर याच्यासमोर १५ राउंड उभं राहायची वेळ आली तेव्हा हातांचा वेग बराचसा टिकलेला दिसला. पाय मात्र पूर्वीसारखे नाचेनात. तो दोरांना टेकू लागला, जागेवर उभा राहून मार झेलू लागला. शेवटच्या राउंडमध्ये फ्रेझरच्या डाव्या हुकनं तो खाली पडला, उठला, पण गुणांवर हरला. हात विसरत नाहीत, पाय विसरतात, हे अलीलाही चुकलं नाही म्हटल्यावर माझ्या पोटऱ्यांवरचा माझा राग थोडा निवळला.

पाय विसरतात म्हणजे नेमकं काय होतं, ते स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, समजलं. समोर माझ्यापेक्षा निम्म्या वयाची मुलगी. दोघींनीही हळू खेळायचं असं ठरलेलं. मी जॅब टाकला तो तिच्या नाकापासून वितभर अलीकडेच संपला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. हाताची लांबी काही घटलेली नव्हती. घटलं होतं ते पुढच्या पायाचं अर्धं पाऊल. जॅब दिसतो हाताचा, पण त्याला समोरच्यापर्यंत नेतो तो पाय, आणि मेंदू अजून त्या जुन्या पायाच्या भरवशावर अंतर मोजत होता. तिचा जॅब येताना मला दिसायचा, आता डोकं हलवायचं हेही कळायचं, आणि मग तो लागायचा. या क्रमात कधीच खंड पडला नाही. एकदा बरा बसला तेव्हा ती घाबरून थांबली. "काकू, लागलं का हो?"

ठोशाचं काही नाही. काकू मात्र लागलं.

सरांनी त्यानंतर बॅग बंदच केली. आता दोरी, शॅडो बॉक्सिंग (समोर कुणी नसताना हवेत ठोसे) आणि पुढे-मागे सरकणं, एवढंच. ठोसा मारायचा तो निम्म्या जोरानं, आणि प्रत्येक ठोशाला श्वास सोडायचा, कारण दमलेला माणूस नकळत श्वास रोखून धरतो आणि आणखी दमतो. हुक मारायचा मोह होतो, पण सर बघत असतात.

दमाच्या बाबतीत आदर्श ठेवावा तर जॉर्ज फोरमनचा. दहा वर्षं बाहेर राहून १९८७ मध्ये परतलेला हा माणूस नोव्हेंबर १९९४ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, मायकेल मूररसमोर उभा होता. नऊ राउंड तिन्ही पंचांच्या कागदावर मागे. तरी धावपळ नाही, नाचणं नाही. जॅब टाकत पुढे चालत राहिला आणि दहाव्यात एका उजव्यानं लढत संपवून पुन्हा जगज्जेता झाला. त्या वयात दोन राउंडच्या मधल्या मिनिटात तो स्टुलावर बसायचाही नाही, कोपऱ्यात उभाच राहायचा. यातलं सावकाश चालणं मी उचललंय. स्टुलावर मात्र मी पूर्ण मिनिट बसते, आणि सरांनी "टाइम" म्हटल्यावर कानात बँडेज गेल्यासारखं करून आणखी दोन श्वास घेते.