संध्याकाळच्या भुकेची तजवीज

वार्षिक तपासणीत माझा एचबीए1सी 5.9 आला. 5.7 ते 6.4 हा मधुमेहपूर्व अवस्थेचा पट्टा असल्याने डॉक्टरांनी औषध न देता आहार सुधारायला, रोज चालायला आणि तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितले. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दाखवत असल्याने आदल्या चार दिवसांच्या पथ्याने तो खाली येत नाही, हेही त्यांनी बजावले.

मी राहते मुलुंडला आणि नोकरी आहे फोर्टात. रोजचे खाणे वहीत टिपू लागले तेव्हा लक्षात आले की सकाळची न्याहारी आणि दुपारचा डबा तसा ठीकच होता. गडबड होती ती दीड वाजताचा डबा आणि रात्री साडेनऊचे जेवण यांमधल्या आठ तासांत. त्या वेळात साखरेचा चहा, बिस्किटे, गाडी पकडण्याआधी सीएसएमटीला वडापाव आणि घरी पोळ्या लाटता लाटता फरसाण, असे सगळे पोटात जात असे. ही भूक खरी असते आणि केवळ निग्रहाने ती गप्प बसत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. म्हणून जेवणातले पदार्थ बदलण्याआधी मी साडेपाच वाजताच्या खाण्यासाठी दुसरा छोटा डबा सुरू केला.

त्यात बहुधा मोड आलेल्या मटकीची उसळ असते. मटकी रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची. मुंबईच्या दमट हवेत दुसऱ्या सकाळपर्यंत चांगले मोड येतात. मे महिन्यात मात्र मोड दिसताच ती फ्रिजमध्ये ठेवावी लागते, नाहीतर चिकट होऊन आंबूस वास येतो. चमचाभर तेलाची फोडणी, बेताचे मीठ आणि खाताना वरून लिंबू. लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे कडधान्यातले लोह अधिक शोषले जाते आणि चहामुळे त्यात अडथळा येतो, म्हणून चहा मी तासाभराने आणि बिनसाखरेचा घेते. उसळ जमली नाही त्या दिवशी भाजलेले चणे आणि एखादा पेरू पुरतो. पोट असे आधीच शांत असल्यामुळे रात्री एक भाकरी, भाजी आणि वाटीभर आमटी एवढ्यात जेवण होते.

तेलाचा प्रश्न अधिक नाजूक होता, कारण स्वयंपाकघर सासूबाईंचेही आहे. चौघांत महिन्याला पाच लिटर तेल संपत होते, म्हणजे माणशी रोज 40 मिलिलिटरच्या वर. "अगं, तेलाशिवाय भाजीला चव कशी येणार?" असे त्या प्रथम म्हणाल्या, पण पुढे त्यांनीच त्यांच्या आईची रीत सांगितली. झाकणात पाणी ठेवून मंद आचेवर भाजी वाफवायची, म्हणजे ती थोड्या तेलातही करपत नाही. आता तीन लिटर पुरते. बांगडाही तळण्याऐवजी तिरफळ घालून तिखले करतो आणि पावसाळ्यात स्टेशनाबाहेर आदिवासी बायकांकडून टाकळा, कुर्डू, कंटोली आणतो.

मीठ सुटणे सर्वांत कठीण गेले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ खावे असे सांगते, आणि लोणचे-पापड रोज पानात असतील तर त्यांतच त्याचा बराच भाग संपतो. ते आता सणावारापुरते आहेत.

तीन महिन्यांनी आकडा 5.6 आला. डॉक्टरांनी हाच क्रम चालू ठेवून वर्षाने तपासायला सांगितले आहे. तोवर रात्रीचे जेवण साडेआठच्या आत आणायचे ठरले आहे आणि त्यासाठी भाजी सकाळीच निवडून, चिरून ठेवण्याचे काम यजमानांनी आपल्याकडे घेतले आहे.