कापलेले साडेतीन हजार

मंगळवार, रात्री

आयकराचा परतावा आला. 43,050 रुपये. त्यातले 42,000 माझेच, वरचे 1,050 व्याज.

दवाखान्यात मी पगारावर नाही, आहारतज्ज्ञ म्हणून मानधनावर आहे. दरमहा 35 हजारांचं बिल लावते, 10 टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापून 31,500 हातात येतात. वर्षाचं उत्पन्न 7 लाखांच्या पुष्कळ खाली, म्हणजे 2024-25 ला नव्या करप्रणालीत माझा कर शून्य. तरी कापायचे ते कापतातच. मग रिटर्न भरा, ई-व्हेरिफाय करा आणि वाट बघा.

बरोबरच्या पोरी म्हणाल्या, लॉटरी लागली, पार्टी दे. लॉटरी कसली बाप्पा! दर महिन्याला गेलेले साडेतीन हजार आहेत हे. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरची मोटर जळाली, वाळा बदलावा लागला, पाठोपाठ विजेचं बिल आलं. शाळा उघडायच्या तोंडावर वह्या-पुस्तकं आणि ऑटोवाल्याचा ॲडव्हान्स. तेव्हा हे पैसे हवे होते. नव्हते, म्हणून बचत गटातून कर्ज उचललं, महिना दोन टक्क्यांनी. त्यातले 18 हजार अजून फिटायचे आहेत.

आज दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि डोकंच फिरलं. माझ्या पैशावर सरकार मला महिन्याला अर्धा टक्का देतं, तेही 1 एप्रिलपासून. त्याआधी वर्षभर कापत गेले त्याचं काही नाही. आणि तेच पैसे हाताशी नव्हते म्हणून मी गटाला दोन टक्के मोजते. गटाला नावं ठेवत नाही, अडीअडचणीला त्याच बायका धावून आल्या. पण पहिले 18 हजार तिकडेच जातील.

आईचा वर्ध्याहून फोन होता. पोरीच्या नावानं ग्रॅमभर तरी सोनं घे म्हणते. सोनं केवढं महागलंय आई, म्हटलं, ग्रॅमभरसुद्धा झेपायचं नाही. तिचं म्हणणं, सोनं अडीनडीला कामी येतं. खरंच आहे, माझ्या पाटल्या आल्याच ना कामी. म्हणूनच आता अडीनडीसाठी नुसते पैसे ठेवायचेत, मोडताना जीव तुटू नये असे. 12 हजारांची एफडी करणार. पाच हजार पुढच्या उन्हाळ्याचे, वेगळ्या खात्यात.

मनू जानेवारीत दहा वर्षांची होईल. सुकन्या समृद्धीचं खातं त्याआधीच उघडता येतं, नंतर नाही. 2025-26 ला 8.2 टक्के व्याज आहे आणि वर्षाला 250 रुपये भरले तरी खातं चालू राहतं. मी पाच हजारांनी सुरुवात करतेय. तिच्या अठराव्या वर्षी शिक्षणासाठी निम्मे काढता येतील. पोस्टात आईची एकटीची सही चालते, हे विचारून घेतलं. वडिलांचं नाव, वडिलांची सही, वडील कुठे असतात, ही रांग इथे तरी नाही.

ती रांग बँकेत मात्र वेगळ्याच वाटेनं आली. सरकारच्या दोन विमा योजनांचे फॉर्म आणलेत, वर्षाला जीवनज्योतीचे 436 रुपये आणि सुरक्षा विम्याचे 20. माझं काही झालं तर मनूला पहिल्यातून दोन लाख, अपघातानं झालं तर दुसऱ्यातून आणखी दोन. नॉमिनी मनू. ती अजून सज्ञान नाही, म्हणून खाली अपॉइंटीचं नाव लिहायचं. ती सज्ञान होईपर्यंत तिच्या वतीनं पैसे घेणारा माणूस. इतकी वर्षं भाडं, किराणा, फी, सगळं एकटीनं भागवलं, पण या एका ओळीत माझं नाव लिहून चालत नाही. आईचं वय झालं. दादा भला आहे, पण त्याच्या घरात पैशाचा निर्णय त्याचा एकट्याचा नसतो. मनूच्या बाबांचं नाव मनात आलं, नाही असं नाही; पण वाढदिवसाला साधा फोन न करणाऱ्या माणसाकडे हिशोब कोण मागणार?

शेवटी धाकट्या बहिणीला फोन लावला. ती भडकलीच. "काऊन वं, असं मरनाबिरनाचं काऊन बोलून राह्यली?" समजावून सांगितलं तर गप्प झाली. मग म्हणाली, लिही माझं नाव. पाच मिनिटांत आधारचा फोटो आला, आणि पाठोपाठ मनूच्या शाळेची फी किती असते असा प्रश्न.

उरतात दोन-अडीच हजार. मनूला तान्ह्या पोळ्याला मोठा लाकडी बैल हवाय, शेजारच्या पोट्ट्याच्या बैलाहून मोठा. जुन्याच बैलाला नवा रंग आणि झूल असा तह झालाय. बैल घरोघरी नेल्यावर मिळणाऱ्या बोजाऱ्याचे पैसे तिचे, ते मी मागायचे नाहीत, अशी अट तिनं घातली. माझ्या चष्म्याची काच बदलून घेईन.

हे सगळं पुढच्या वर्षी पुन्हा नको. कर बसत नाही असा फॉर्म भरून दे म्हणजे कापणार नाहीत, असं कुणी सांगतं, पण मानधनाला तो लागू नाही. त्यासाठी वेगळा अर्ज असतो, आयकर खात्याच्या ट्रेसेस या साइटवर ऑनलाइन. आयकर खात्यानं दाखला दिला तर कमी कापतात किंवा कापतच नाहीत. दाखला त्या त्या आर्थिक वर्षापुरता, शिवाय दवाखान्याचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, लागतो. उद्या अकाउंट्समध्ये तोच मागणार आहे.