ऑक्टोबरात ड्यूक जोखायला: डरहॅम ते चॅपल हिल

डरहॅम आणि चॅपल हिल या दोन गावांना जोडणारा यूएस १५-५०१ हा रस्ता दिसायला साधाच आहे. दुतर्फा दुकानांच्या रांगा, मधूनमधून पाइनची झाडं आणि भरपूर सिग्नल. पण त्याच्या एका टोकाला ड्यूक विद्यापीठ आहे, दुसऱ्या टोकाला नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ, आणि कॉलेज बास्केटबॉलमध्ये इतके जवळचे आणि इतके कडवे प्रतिस्पर्धी दुसरे नाहीत. दोन्ही मैदानांत जेमतेम दहा मैल. राष्ट्रीय विजेतेपदं ड्यूककडे पाच, कॅरोलिनाकडे सहा. हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो, त्यामुळे समोरचा संघ यंदा किती पाण्यात आहे हे जोखायचा महिना ऑक्टोबर. मी फिकट निळ्याच्या, म्हणजे कॅरोलिनाच्या बाजूचा. तेव्हा २०२५-२६ च्या ड्यूकची ही मोजणी, तो हंगाम सुरू होण्याआधी, प्रतिस्पर्ध्याच्या नजरेने केलेली आहे. ‘यंदा’ म्हणजे तोच हंगाम. जवळच्या कॅरी आणि मॉरिसव्हिल या गावांत मराठी घरं बरीच आहेत. तिथून, किंवा तिथे पाहुणे म्हणून आल्यावर, ज्यांना हा एका दिवसाचा फेरफटका करायचा असेल त्यांच्यासाठी वाटेची माहितीही देतो.

दिवस निवडताना आधी फुटबॉलचं वेळापत्रक बघा. ऑक्टोबरातल्या ज्या शनिवारी दोन्हीपैकी एका जरी विद्यापीठाचा घरचा फुटबॉल सामना असेल, त्या दिवशी पार्किंग मिळत नाही आणि १५-५०१ मुंगीच्या गतीने चालतो. २०२५ च्या हंगामासाठी चॅपल हिलला व्यावसायिक फुटबॉलमधले नामांकित बिल बेलिचिक प्रशिक्षक म्हणून आल्यापासून तर गर्दी आणखी वाढली आहे. आठवड्यातला मधला दिवस उत्तम. सकाळी डरहॅम, दुपारनंतर चॅपल हिल, असाच क्रम ठेवा, कारण संध्याकाळी बसून बोलायला फ्रँकलिन स्ट्रीटसारखी जागा डरहॅमच्या बाजूला विद्यापीठाला लागून नाही.

ड्यूकला गाडी ब्रायन सेंटरजवळच्या सशुल्क पार्किंगमध्ये लावायची. तिथून विद्यापीठाच्या २१० फूट उंच चर्चच्या, म्हणजे चॅपलच्या अंगावरून चालत ड्यूकचं बास्केटबॉलचं मैदान, कॅमरून इनडोअर स्टेडियम, गाठता येतं. करड्या दगडाची ही इमारत जानेवारी १९४० मध्ये उघडली. आत जागा फक्त ९,३१४. टीव्हीवर ती अजस्र वाटते, प्रत्यक्षात छप्पर खाली आणि भिंती जवळ. विद्यार्थी थेट मैदानाच्या कडेला उभे राहतात. चेंडू आत टाकायला उभ्या राहिलेल्या पाहुण्या खेळाडूच्या पाठीशी हातभर अंतरावर शेकडो निळे चेहरे असतात. घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे काय, हे रिकाम्या कॅमरूनमध्ये दोन मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. ड्यूकचा घरचा विजय मोजताना मी म्हणूनच त्याचं वजन कमी धरतो. तिथे हरवणं अवघड आहे, एवढंच तो विजय सांगतो.

बाहेरचं गवत म्हणजे क्रिझेवस्कीव्हिल, ड्यूकचे दीर्घकाळचे प्रशिक्षक माइक क्रिझेवस्की यांच्या नावाची जागा. ऑक्टोबरात ते मोकळं असतं. जानेवारीपासून इथे तंबू पडतात, एका तंबूत जास्तीत जास्त १२ विद्यार्थी. काळे, निळे आणि पांढरे असे तंबूंचे तीन टप्पे, त्यांत काळ्याचे नियम सर्वांत कडक. सगळी धडपड कॅरोलिनाच्या एका सामन्यासाठी. या रांगेची व्यवस्था बघणारी विद्यार्थी मंडळी सामन्याआधी एक कागद वाटतात. त्यावर समोरच्या संघातल्या खेळाडूंची बारीकसारीक माहिती आणि कोणाला काय म्हणून डिवचायचं ते असतं. प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास ही इथली जुनी शिस्त आहे, आणि ती मला मनापासून आवडते.

आता मूळ हिशेब. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, मैदानावर पाच जण, म्हणजे एका संघाकडे वाटायला २०० मिनिटं. कागदावर गेल्या हंगामातल्या प्रत्येकाची सरासरी मिनिटं लिहायची आणि गेलेल्यांची नावं खोडायची. २०२४-२५ च्या ड्यूकमधून सुरुवातीचे पाचही जण गेले: कूपर फ्लॅग, कॉन कनिपल, खमान मालुआच, सायन जेम्स, टायरीस प्रॉक्टर. पाचही एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतले गेले, फ्लॅग तर पहिल्याच क्रमांकावर. २०० पैकी जवळजवळ दोन तृतीयांश मिनिटं एका झटक्यात रिकामी झाली. बहुतेक चाहते इथेच थांबतात आणि दोन टोकांपैकी एक गाठतात: ‘ड्यूक संपलं’ किंवा ‘ड्यूककडे दरवर्षी नवी पोरं येतातच’. दोन्ही घाईचं आहे. किती मिनिटं गेली यापेक्षा त्या मिनिटांत कोणतं काम होत होतं, ते काम आता कोणाकडे, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

फ्लॅग गुण, रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं), असिस्ट (गुणासाठी पास देणं), स्टील (चेंडू हिसकावणं) आणि ब्लॉक (फटका अडवणं) या पाचही बाबतींत संघात पहिला होता. ती जागा एका माणसाने भरत नाही, कामं वाटून द्यावी लागतात. गुण आणि रिबाउंड कॅमरून बूझर उचलेल, याबद्दल मला शंका नाही. ६ फूट ९ इंच, मायामीच्या कोलंबस शाळेसाठी सलग चार वर्षं फ्लोरिडाचं राज्य विजेतेपद, आणि वडील कार्लोस बूझर २००१ च्या विजेत्या ड्यूक संघातले. नेमबाजीसाठी आयझेया एव्हान्स परत आला आहे. गेल्या वर्षी त्याने तीन गुणांचे ४० टक्क्यांहून अधिक फटके घातले, पण ती थोडक्या मिनिटांची आणि मोकळ्या फटक्यांची कमाई. यंदा समोरचा सगळ्यात चांगला बचावपटू त्याच्यावर असेल, तेव्हा तो आकडा खाली येणार हे धरूनच चालायचं.

खरी अडचण बचावात आहे. गेल्या वर्षीच्या पाचांत ६ फूट ५ इंचांहून बुटका कोणी नव्हता आणि मागे ७ फूट २ इंचांचा मालुआच. त्यामुळे कोणीही स्क्रीन लावली, म्हणजे बचावपटूची वाट अडवायला मध्ये उभं राहिलं, की ड्यूकचे खेळाडू आपापली राखायची माणसं सरळ बदलून घ्यायचे आणि तरी उंचीत मार खायचे नाहीत. आता रिंगखाली पॅट्रिक एन्गोंग्बा, ज्याला शाळेत असताना पायाची दुखापत होती, आणि मलिक ब्राऊन, ज्याचा खांदा गेल्या मार्चमध्ये निखळला. ब्राऊन माझ्या मते देशातल्या सर्वांत चतुर बचावपटूंपैकी एक आहे. तो धडधाकट असला तर हे भगदाड अर्धं बुजतं. चेंडू पुढे नेण्याचं काम केलेब फॉस्टर आणि केडन बूझर यांच्यात वाटलं जाईल, आणि दबावाखाली ही जोडी कशी वागते हे अजून कोणी पाहिलेलं नाही. इटलीचा दामे सार बार्सिलोनातून आला आहे. मोठ्यांच्या व्यावसायिक खेळाची त्याला सवय आहे, पण कॉलेजात पंच स्पर्शाला जास्त शिट्ट्या मारतात, म्हणून सुरुवातीला फाउल होण्याची भीती.

ऑक्टोबरात ड्यूक आपल्याच खेळाडूंत एक जाहीर सामना खेळवतं. तो बघताना गुणफलकाकडे दुर्लक्ष करा, दोन्ही बाजूंना ड्यूकच आहे. पूर्ण मैदानावर दाबल्यावर चेंडू कोण घेऊन येतो, स्क्रीनवर माणसं बदलतात की मागे राहतात, पहिली बदली कोणाची होते, या तीनच गोष्टी टिपायच्या. नवख्यांच्या नेमबाजीसाठी तीन गुणांच्या टक्केवारीपेक्षा फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या बिनविरोध फटक्यांची टक्केवारी विश्वासाची. मोजक्या तिनांत नशीब फार असतं, हाताचं वळण मात्र फ्री थ्रोत दिसतं. २०१८-१९ चा झायन विल्यमसनचा ड्यूक संघ आठवा. प्रतिभा भरून वाहत होती, पण तिनांची टक्केवारी ३१ च्या आत, आणि शेवटी मिशिगन स्टेटकडून ६८-६७ असा पराभव.

दुपारी १५-५०१ धरून चॅपल हिलला या. कॅरोलिनाचं घरचं मैदान असलेल्या डीन स्मिथ सेंटरला लागूनच कॅरोलिना बास्केटबॉल संग्रहालय आहे, प्रवेश विनामूल्य, पाऊण तास पुरतो. १९५७ च्या ३२-० (३२ विजय, एकही हार नाही) अशा संघाने तीन जादा डावांनंतर विल्ट चेंबरलेनच्या कॅन्ससला ५४-५३ हरवलं, १९८२ मध्ये मायकल जॉर्डनने जॉर्जटाऊनविरुद्ध निर्णायक फटका मारला, हे सगळं आहेच. पण थांबून वाचावी अशी वस्तू म्हणजे ड्यूकच्या माइक क्रिझेवस्कींनी तरुण जॉर्डनला लिहिलेलं पत्र. तू ड्यूकचा विचार सोडलास याचं वाईट वाटतं, शुभेच्छा, असा त्याचा आशय. प्रतिस्पर्ध्याचं पत्र इतक्या मानाने काचेत ठेवणारं संग्रहालय मला फार थोर वाटतं.

स्मिथ सेंटर १८ जानेवारी १९८६ रोजी उघडलं, ड्यूकवरच ९५-९२ असा विजय मिळवून. जागा २१,७५०, कॅमरूनच्या दुपटीहून जास्त. पण खालच्या बऱ्याच खुर्च्या देणगीदारांच्या असल्याने आवाज उशिरा चढतो. इथे उभं राहून २०२२-२३ चा हिशेब मांडायला हवा, कारण मोजणी कुठे चुकते हे त्यातून नीट कळतं. आदल्या वर्षी प्रशिक्षक ह्यूबर्ट डेव्हिसच्या कॅरोलिना संघाने फायनल फोरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, ड्यूकला ८१-७७ हरवून क्रिझेवस्कींची कारकीर्द संपवली आणि अंतिम सामन्यात कॅन्सससमोर मध्यंतराला १५ गुणांची आघाडी घेऊन ७२-६९ ने हार पत्करली. पाचपैकी चार जण परतले. देशभरच्या पत्रकारांच्या मतदानात कॅरोलिनाला हंगामाआधी पहिला क्रमांक मिळाला. निकाल २०-१३, आणि एनसीएए स्पर्धेत, म्हणजे मार्चमधल्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धेत, जागाच नाही. १९८५ मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाल्यापासून हंगामाआधीच्या पहिल्या क्रमांकावर अशी पाळी आलेली नव्हती.

गेला होता फक्त एक, ब्रेडी मॅनेक. पण तो उंच असूनही तिनांचे फटके ४० टक्क्यांच्या आसपास घालायचा, म्हणून त्याच्यावरचा बचावपटू रिंगपासून लांब यायचा. त्या मोकळ्या जागेत अरमांडो बेकॉट रिंगखाली खेळायचा आणि केलेब लव्ह, आर. जे. डेव्हिस आत घुसायचे. मॅनेक गेल्यावर बचावपटू आत दाटले आणि संघाची तिनांची टक्केवारी ३१ च्या आसपास घसरली. मिनिटांच्या हिशेबात तो संघ जवळजवळ पूर्ण होता. २०२४-२५ मध्ये बेकॉट गेल्यावर उंचीच्या बाबतीत तेच झालं. तेव्हाच्या कॅरोलिनाने क्वाड १ मध्ये, म्हणजे सर्वांत कठीण गटातल्या सामन्यांत, १-१२ अशी नोंद करून स्पर्धेत कशीबशी जागा मिळवली. यंदा ७ फुटी हेन्री व्हेसार ॲरिझोनातून आला तो त्याच जागेसाठी, आणि नवखा केलेब विल्सन. ड्यूकचे चाहते आमच्याबद्दल नेमका हाच प्रश्न विचारतात: फटके कोण घालणार? रास्त आहे.

संध्याकाळी फ्रँकलिन स्ट्रीट. चॅपल हिलच्या स्थानिक बसला तिकीट नाही, तेव्हा गाडी एका जागी लावून बसने फिरा. कॅरोलिना कॉफी शॉप १९२२ पासून इथे आहे. बार्बेक्यू खाणाऱ्यांनी व्हिनेगरवालं, पूर्व कॅरोलिनाच्या पद्धतीचं डुकराचं मांस घ्यावं. शाकाहारी मंडळींनी पोटभर जेवण परतीच्या वाटेवर कॅरीत करावं. गप्पांत उतरण्याआधी दोन साधनं हाताशी हवीत. केनपॉम हे संकेतस्थळ शंभर चालींमागे (चेंडू एकदा संघाच्या ताब्यात आला की एक चाल) किती गुण केले आणि दिले हे प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीनुसार जुळवून सांगतं. पूर्ण पाहायला वर्षाची वर्गणी लागते. बार्ट टॉर्विकचं टी-रँक फुकट आहे आणि कोणाची किती मिनिटं परतली हेही दाखवतं. संघ हळू खेळतो की जलद यावर सरासरी गुण बदलतात, म्हणून ते फसवतात, शंभर चालींचा हिशेब फसवत नाही. समोरच्यांची तिनांची टक्केवारी कमी असली की लोक तिला बचावाचं श्रेय देतात. त्यात नशीब मोठं. समोरच्यांना तिनांचे प्रयत्न किती करू दिले, हे बघा.

ड्यूकचं वेळापत्रक यंदा मोजणीला सोयीचं आहे. न्यू यॉर्कला कॅन्सस, घरी गतविजेता फ्लोरिडा, त्यानंतर मिशिगन स्टेटला पाहुणा सामना, डिसेंबरात टेक्सास टेक. क्वाड १ मध्ये घरी पहिल्या ३०, तटस्थ जागी पहिल्या ५० आणि बाहेर पहिल्या ७५ संघांविरुद्धचे सामने येतात, म्हणून मिशिगन स्टेटमधला निकाल मला फ्लोरिडाच्या निकालापेक्षा जास्त सांगेल. कॅरोलिनाशी गाठ ७ फेब्रुवारीला चॅपल हिलला आणि ७ मार्चला डरहॅमला. कॅमरूनचं तिकीट बाहेरच्या माणसाला जवळजवळ अशक्य. परवडणारा मार्ग म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरातले छोट्या संघांविरुद्धचे सामने किंवा महिलांचे सामने. स्मिथ सेंटरला वरच्या मजल्यावरची जागा मिळते, आणि फ्रायडे सेंटरला गाडी लावून शटलने जाणं शहाणपणाचं, नाहीतर सामना संपल्यावर तासभर गाडी हलत नाही.

आणि मार्चबद्दल, म्हणजे बाद फेरीच्या स्पर्धांबद्दल, इथला कोणीही जाणकार छातीठोक बोलत नाही. २०२४ मध्ये रालेचं एनसी स्टेट नियमित हंगामात १७-१४ होतं. मग त्यांनी पाच दिवसांत पाच सामने जिंकून एसीसीचं, म्हणजे या तिन्ही विद्यापीठांच्या लीगचं विजेतेपद घेतलं, वाटेत ड्यूकला आणि अंतिम सामन्यात कॅरोलिनाला हरवून, आणि पुढे ड्यूकला पुन्हा ७६-६४ ने बाहेर काढून फायनल फोर गाठलं. माझी मोजणी म्हणून मार्चपर्यंत जात नाही. फेब्रुवारीपर्यंतची अशी आहे: ब्राऊनचा खांदा टिकला आणि फॉस्टरने मिशिगन स्टेटमध्ये चेंडू सांभाळला, तर प्रशिक्षक जॉन शायरचा हा ड्यूक संघ एसीसीत पहिल्या दोघांत राहील. यापैकी एक जरी फिसकटलं, तर ७ फेब्रुवारीला व्हेसारकडे रिंगखाली चेंडू द्यायचा, पुन्हा पुन्हा द्यायचा, आणि एन्गोंग्बाला फाउलच्या अडचणीत आणायचं.