पालकाची पेंडी आणि बिअरची बाटली

आहारतज्ज्ञाचा बराचसा वेळ रुग्णाने न सांगितलेले खाणेपिणे शोधण्यात जातो. ‘दारू पिता का?’ या प्रश्नाला हमखास नकार येतो, म्हणून मी ‘संध्याकाळी रानातून आल्यावर काय घेता?’ असे विचारते. खानापूर तालुक्यातून बेळगावला आमच्या रुग्णालयात आलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या त्या भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी सहज सांगितले, “दोन बाटल्या बिअर. जवाचीच असते की ती, मॅडम. दारू थोडीच हाय?”

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘रक्त कमी, पौष्टिक आहार’ एवढेच लिहिले होते. अशी बोळवण मला कधीच पटलेली नाही, कारण खरी गोष्ट रक्ताच्या अहवालात होती. तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान १०० फेम्टोलिटरच्या आत असावे लागते, ते ११२ होते. पेशी अशा मोठ्या होण्यामागे बी-१२ किंवा फोलेट या जीवनसत्त्वांची कमतरता असू शकते. बी-१२ पुरेसे होते, पण फोलेट घसरलेले होते. हिरव्या पालेभाज्यांत मुबलक असणारे हे जीवनसत्त्व पालेभाजी पिकवणाऱ्याच्याच रक्तात नव्हते.

त्यांनी माझ्यासाठी केळीच्या सोपटाने बांधलेली पालकाची पेंडी आणली होती. तीच काट्यावर ठेवून मी हिशेब मांडला. १०० ग्रॅम पालकात सुमारे २३ कॅलरी, तर तेवढ्याच बिअरमध्ये सुमारे ४३. हे ऐकून ते शेतकरी मामा खुलले. मग मी सांगितले की ६५० मिलिलिटरच्या बाटलीतील अंदाजे २८० कॅलरींपैकी १८० च्या आसपास कॅलरी निव्वळ अल्कोहोलच्या असतात आणि त्यांच्यासोबत शरीराला काहीच मिळत नाही. फोलेट १०० ग्रॅम कच्च्या पालकात दीडशे मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते, तेवढ्याच बिअरमध्ये जेमतेम पाच-सहा. लोह आणि क जीवनसत्त्व तर नसल्यातच जमा.

मामींनी पालक उकडून, पिळून, पाणी ओतून देत असल्याचे सांगितले. फोलेट पाण्यात विरघळते आणि फार शिजवल्यास नष्टही होते, त्यामुळे भाजी कमी पाण्यात, झाकण ठेवून, थोडा वेळच शिजवायची आणि ते पाणी डाळीत घालायचे, हे मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतले. मराठी वाचणाऱ्या रुग्णांच्या हाती आम्ही अजूनही कन्नड-इंग्रजी आहारतक्ता देतो, त्यामुळे असे तोंडी घोकून घेण्याला पर्याय उरत नाही.

त्यावर मामांनी विचारलेला प्रश्न मात्र अजून माझ्या डोक्यातून जात नाही: “मग दोन्ही घेतलं तर? पालक बी, बिअर बी. जमाखर्च बसंल की.” आमचे सारे तक्ते असाच जमाखर्च शिकवतात. प्रत्यक्षात नियमित मद्यपानामुळे आतड्यातून फोलेटचे शोषण कमी होते, यकृतातील साठा घटतो आणि लघवीवाटे ते अधिक बाहेर पडते. म्हणजे बाटली स्वतः काही देत नाही, वर पेंडीने दिलेलेही टिकू देत नाही. कोणत्याही तक्त्यात यासाठी रकाना नाही आणि मला हे फार गंभीर वाटते.

रोजची सवय एकदम तोडल्यास थरकाप किंवा झटके येऊ शकतात, म्हणून बिअर कशी सोडायची हे ठरवण्यासाठी मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे पाठवले. या वेळी चिठ्ठी मी लिहिली आणि ती सविस्तर लिहिली. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे पेशींचे आकारमान पूर्ववत झाले की नाही हे तीन-चार महिन्यांनंतरच्या तपासणीत कळेल. तोवर दर बाजारच्या दिवशी मामी फोन करून घरी कोणती भाजी राखून ठेवली ते सांगतात; बिअरचे मी विचारल्यावरच सांगतात.